हिरव्या दोऱ्याची बॉबीन

दादा,

तुला न विचारता काल मी गणपतरावांच्या मळणीयंत्रावरची तुझी डबी उघडली.

तू असतास तर आधी माझ्या हातांकडं बघितलं असतंस, मग डबीकडं, आणि मग हळूच म्हणाला असतास, "छबू, काय झालं?" तेवढ्या विचारण्यानं मी सगळं सांगून टाकलं असतं. दोन वर्षं मी त्या विचारण्याची वाट बघितली. तू विचारलं नाहीस, कारण माझ्या हातचं काम तपासून घ्यावं असं तुला कधी वाटलंच नाही. माझ्या चुकीपेक्षा तुझा हा विश्वासच मला जास्त जड झाला.

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला लई माणसं आली. आपल्या दारात एवढ्या चपला मी कधी बघितल्या नव्हत्या. जो तो तुझ्या मोटारींचं बोलत होता. जळालेली तार काढून तू नवी भरलेली पाण्याची मोटार एकदा विहिरीत सोडली की माणूस विसरून जातो, असं एकजण म्हणाला. ते खरंच आहे. मग दुसरा म्हणाला, "आन् ते मशीनवरचे लाल दिवे! लई हौशी माणूस होता." सगळ्यांनी माना हलवल्या. मी आत भांडी विसळत होते. हात तसेच पाण्यात राहिले. ती हौस नव्हती, हे बाहेर जाऊन सांगावं असं वाटलं. पण एवढ्या माणसांत बोलायचं म्हणजे माझी जीभ टाळूला चिकटते. तुला माहीतच आहे. उंबऱ्यापर्यंत आले आणि परत फिरले.

त्या दिवशी नाही बोलले, म्हणून आज लिहिते.

वहिनीचा हात मशीनमध्ये गेला तेव्हा सोयाबीनचीच मळणी होती. ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं, पण मशीनचा पट्टा काढला होता. तोंडाशी काड तुंबलं होतं. मशीन थांबलं असं समजून वहिनीनं काड ओढायला हात घातला. आतला ड्रम अजून फिरत होता. ट्रॅक्टरच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली. हिंगोलीच्या दवाखान्यातून येताना वहिनी सारखं एकच म्हणत होती, "मी बघितलं होतं वो. मशीन बंदच होतं." गावात सगळे म्हणाले, बाई घाईत होती, बाईचं ध्यान नव्हतं. तू एकटाच म्हणालास, "तिनं बघितलं. मशीननं सांगितलं न्हाई."

त्या एका वाक्यासाठी मी तुला जन्मभर मानते. तुझी बायको होती म्हणून तू तसं म्हणाला नाहीस. दुसऱ्या कुणाची असती तरी तेच म्हणाला असतास.

मग तुला एकच ध्यास लागला. मशीननं सांगितलं पाहिजे. फिरतंय तोवर दिवा लागलेला पाहिजे, आणि थांबलं की दिवा विझला पाहिजे. गणपतराव म्हणाले, "त्यात काय, बॅटरी लावा." तू लावलीस. आठ दिवसांत हादऱ्यानं वायर तुटली. दुसऱ्यांदा वायर टिकली पण बॅटरी संपली, आणि नवी आणायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. त्या दिवशी तू चालत्या मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवून किती वेळ उभा होतास. मी डब्बा घेऊन आले होते. मला म्हणालास, "छबू, हात ठेव इथं." मी ठेवला. खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. "एवढी थरथर दिवसभर वाया चालली," तू म्हणालास, "हिच्याच जिवावर दिवा लावायचा. ही हाय तोवर दिवा हाय. ही गेली की दिवा गेला. ना बॅटरी, ना आठवण ठेवायची गरज."

मला वाटलं, वहिनीच्या काळजीनं याचं डोकं फिरलं.

पण घरी येऊन तू लोखंड कापायच्या करवतीचं एक पातं घेतलंस. एक टोक शिकंज्यात आवळलंस, दुसऱ्या टोकाला जुन्या स्पीकरमधला चुंबक चिकटवलास. पात्याला टिचकी मारली की चुंबक थरथरायचा. त्याच्या समोर तारेचं गुंडाळं ठेवलंस. म्हणालास, चुंबक तारेजवळ नाचला की तारेत वीज येते, थांबला की येत नाही, एवढंच गणित. पण वीज फार थोडी. तार केसाहून बारीक पाहिजे आणि वेढे हजारोंनी पाहिजेत. तुझी मोटार भरायची जाड बोटं. तार धरली की तुटायची. तीन दिवस तू तारेला शिव्या देत होतास.

तेव्हा तुझं लक्ष माझ्या शिलाई मशीनकडं गेलं. सासरहून परत आले तेव्हा कुणी काही विचारायच्या आत तू दुकानात पडदा लावून त्याच्या मागं माझी मशीन ठेवली होतीस. गिऱ्हाईकाशी तू बोलायचास, मी आत शिवायची. त्या दिवशी पडदा बाजूला करून म्हणालास, "तू शेवया किती बारीक काढतेस गं. ही तार बॉबीनवर भरून बघ."

मी भरली. दोऱ्याच्या जागी तार, बाकी सगळं तेच. चाक हातानं फिरवायचं, बोटांत तार अशी धरायची की ताण पडतो पण पडत नाही. शंभर फेऱ्या झाल्या की एक चिंचोका बाजूला. चाळीस चिंचोके झाले की बॉबीन भरली. मग तारेचं टोक सुटू नये म्हणून वरून लाल दोरा बांधायची. पहिली बॉबीन तुझ्या हातात दिली तेव्हा तू ती उजेडात धरून फिरवत राहिलास. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाला सांगत होतास, "पडद्याआड माझी इंजिनेर बसली हाय." मी आत तोंडावर पदर घेतला. आजवर मला कुणी इतकं मोठं म्हटलं नव्हतं, दादा. मला चौथीच्या पुढं शाळा माहीत नाही.

शेजारच्या पिठाच्या गिरणीवर तू ते यंत्र पहिल्यांदा बसवलंस. दिवा लागला! मुगाच्या दाण्याएवढा लाल दिवा. दळण घेऊन आलेल्या बाया हसल्या. "यानं पंखा फिरल का? मोबाइल भरल का?" तू म्हणालास, "काहीच व्हणार न्हाई. नुस्ता खरं बोलल." आणि तेच यंत्र मळणीयंत्रावर नेलंस तर लागेना. मशीन तर गिरणीपेक्षा दांडगं हादरत होतं. आठ दिवस तू कुणाशी नीट बोलला नाहीस. वहिनीनं मला खुणेनं विचारलं, याला झालंय काय. मी पडद्यामागून बघत होते. तू पात्याला टिचकी मारायचास, मान हलवायचास, पुन्हा टिचकी मारायचास.

आणि मला आपल्या लिंबाचे दोन झोके आठवले. तुझा वरच्या फांदीचा, लांब दोराचा. माझा खालच्या फांदीचा, आखूड. मी तुला ढकलायला यायची आणि माझ्या झोक्याच्या चालीनं ढकलायची. तू ओरडायचास, "अगं थांब, मला येऊ दे की मागं!" लांब झोका सावकाश येतो. त्याच्या चालीनं ढकललं तरच तो वर चढतो. नाहीतर आपलंच ढकलणं त्याला अडवतं.

पडद्यामागून मी म्हणाले, "दादा, ह्या मशीनला दोर लांबचा पाहिजे का?"

तू कपाळावर हात मारलास, तो आवाज मला अजून ऐकू येतो. पातं शिकंज्यातून चार बोटं बाहेर काढलंस आणि तसाच सायकलवर बसून गेलास. परत आलास तेव्हा वहिनीला हाक मारून सांगितलंस, "लागला!" आणि लगेच, "छबूनं लावला." दुसरा कुणी असता तर पहिलाच शब्द बोलून थांबला असता.

पण मशीन बंद करताना ड्रम सावकाश होत जातो, तेव्हा थरथरही सावकाश होते, आणि एक पातं अर्ध्यातच साथ सोडतं. म्हणून तू तीन पाती केलीस. आखूड, मधलं, लांब. तीन बॉबिनी, तीन दिवे, एका पत्र्याच्या डबीत. पुऱ्या चालीत मशीनमध्ये ड्रम, चाळणी सगळ्यांच्याच चाली मिसळलेल्या, म्हणून तिन्ही लागतात. थांबताना वरचा, आखूड पात्याचा, आधी विझतो, मग मधला, शेवटचा खालचा. अगदी शेवटच्या थोड्या फिरण्याला तोही साथ देत नाही. म्हणून डबीवर पांढऱ्या रंगानं तू लिहिलंस: वीस मोजा.

तिथं आपलं भांडण लागलं. एक नाही, दोन भांडणं. पहिलं मी जिंकले. मी म्हणाले, "दिवा विझला तो मशीन थांबलं म्हणून, का दिवाच बिघडला म्हणून? बाईला कसं कळावं?" तू म्हणालास, "आता वकिलीण झाली का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतरावांच्या खळ्यावर जाऊन सगळ्या बायांना सांगून आलास, मशीन सुरू झालं की आधी तिन्ही दिवे बघायचे. एकबी लागला न्हाई तर त्या डबीवर भरोसा ठेवायचा न्हाई. दुसऱ्याचं पटलं की रात्रीतून बदलायचं, हे तुझ्यासारखं मी कुणात बघितलं नाही.

दुसरं भांडण राहिलं. मी म्हणायची, वीस कमी आहेत, तीस लिही. तू म्हणायचास, "घड्याळ लावून बघितलं मी. वीस बराबर हायत." मी म्हणायची, "तू घड्याळ घेऊन मोजतोस. बाया घाईत मोजतात." तू हसायचास. गेल्या महिन्यातसुद्धा आपलं तेच चाललं होतं.

आता सांगते, जे सांगायचं आहे ते.

एकदा तू एक मोटार भरत होतास. शेतकरी दारात बसून होता, पिकाला पाणी पाहिजे होतं. काम होत आलं होतं. तुला एका तारेवर ओरखडा दिसला, म्हणजे दिसल्यासारखं वाटलं. तू सगळी मोटार उकलायला घेतलीस. तो माणूस ओरडला, "काहून उसकटून राहिला? आत गेल्यावर कोणाला दिसतंय?" तू वर न बघता म्हणालास, "दिसत न्हाई, म्हणूनच." हे मी पडद्यामागून ऐकलं होतं. तरीही मी ते केलं.

गणपतरावांच्या डबीची तिसरी बॉबीन. ती भरताना तार तुटली. तू सांगितलं होतंस, तार तुटली तर ती बॉबीन टाकून द्यायची, पहिल्यापासून भरायची, हादरणाऱ्या वस्तूत जोड टिकत नाही. मी टाकली. दुसरी भरली, तीही तुटली. टाकली. तिसरी छत्तीस चिंचोक्यांवर तुटली. तू बाहेर कुणाला तरी सांगत होतास, "आमच्या छबूच्या हातची तार तुटतच न्हाई." मी दोन्ही टोकांचं वार्निश काडीपेटीच्या काडीनं जाळलं, पीळ दिला, आणि वरून उरलेले वेढे घातले. जोड आत गेला. लाल दोरा संपला होता म्हणून हिरवा बांधला. तू यंत्रात घालून बघितलंस, दिवा लागला. तू म्हणालास, "वा."

ती बॉबीन शेवटच्या दिव्याची होती. ज्याच्यावर हात आत जायचा की नाही ते ठरतं, त्याची. सकाळी तिन्ही दिवे लागतील, बाया बघून घेतील, आणि दुपारी हादऱ्यानं जोड सुटेल. दोन हंगाम मी मळणीच्या दिवसांत जीव मुठीत धरून राहिले. हंगाम संपला की वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, आता काय सांगायचं, संपला तर आहे हंगाम.

आणि तूच गेलास. आणि मळणी तोंडावर आली.

मी तुझ्या टेबलावरची तार घेतली आणि बॉबीन भरायला बसले. दोनदा तुटली. दोनदा टाकली. तिसऱ्यांदा चाळीस चिंचोके पुरे झाले. लाल दोरा बांधला. काल सकाळी वहिनीला म्हणाले, माझ्याबरोबर खळ्यावर चल. काय काम, ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

खळ्यावर ट्रॅक्टर लागला होता. गणपतराव, दोन-तीन माणसं, आणि कौसाबाई मुकादमीण आपल्या बाया घेऊन. मी डबीकडं बोट दाखवलं. गणपतराव म्हणाले, "ताई, परवाच चालवून पाहिलं. तिन्ही दिवे लागून राहिले. चांगल्याला काहून हात लावता?"

मी वहिनीकडं बघितलं, तिनं बोलावं म्हणून. वहिनी म्हणाली, "माझ्याकडं काय बघतेस? मला तारेतलं काय कळतं? बोल तूच."

कौसाबाई म्हणाली, "बोलती का ही? मला वाटलं दुकानातला पडदाच बोलतो." बाया हसल्या.

मग मी बोलले, दादा. जमिनीकडं बघून, पण मोठ्यानं. "शेवटच्या दिव्याच्या तारेत जोड हाय. मी लपवला. दादाला ठाऊक नव्हतं. तो कवाबी सुटंल." कुणी हसलं नाही. माझी नजर वहिनीच्या उजव्या हातावर होती. तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. ती काय बोलेल, या भीतीनंच मी दोन वर्षं गप्प होते, हे मला तेव्हा समजलं. मग ती गणपतरावांना म्हणाली, "तिला पाना द्या."

डबी उघडली. हिरवी बॉबीन काढली, लाल बसवली, टोकं स्क्रूखाली आवळली. मशीन सुरू झालं. वरचा लागला, मधला लागला, खालचा लागेना. मागं कुणीतरी पुटपुटलं. मी डबीशी वाकले. पण तू काय करायचास ते मी पडद्याच्या फटीतून शंभरदा बघितलं होतं. मशीन थांबवायला लावलं. पात्याला नखानं टिचकी मारली, चुंबक बघितला, पातं ज्वारीच्या दाण्याएवढं बाहेर ओढलं आणि आवळलं. पुन्हा मशीन सुरू. लागला. तुझा तोच मुगाएवढा दिवा. तू म्हणायचास ना, नुस्ता खरं बोलल.

मग पट्टा काढला. ट्रॅक्टर तसाच धडधडत होता, वहिनीच्या दिवशी होता तसा. वरचा दिवा विझला. मधला विझला. कौसाबाई म्हणाली, "थांबली की." खालचा लालच होता. सगळ्या बाया त्याच्याकडं बघत होत्या, एकही पुढं सरकली नाही. तुझी हौस बघ, दादा. सहा बाया एका थेंबाएवढ्या उजेडापुढं जागच्या जागी उभ्या होत्या. मग तोही विझला. कौसाबाईनं मोजायला सुरुवात केली, एक दोन तीन चार, भाजी निवडावी तशी भराभर. वीस म्हणेपर्यंत वहिनीनं तुराटीची एक काडी उचलली होती. ती तिनं मशीनच्या तोंडात घातली.

टक्.

केवढासा आवाज. पण ट्रॅक्टरच्या धडधडीतही आम्ही जवळ उभ्या होतो तेवढ्यांनी तो ऐकला. वहिनीनं काडी बाहेर काढून बघितली. टोक मोडलं होतं. कौसाबाईनं आपला हात पदराखाली घेतला आणि न सांगता पुढं मोजायला लागली. एकवीस, बावीस. आता हळू. तीस झाले. वहिनीनं काडी पुन्हा आत घातली. काही झालं नाही. तिनं तिथं थोडा वेळ काडी फिरवून बघितली. मग काडी टाकली, उजवाच हात आत घातला, आणि ड्रमवरचं काड ओढून बाहेर काढलं. त्या दिवसापासून ती मशीनच्या तोंडाजवळ गेली नव्हती.

गणपतराव पांढरा रंग घेऊन आले. मी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून तुझं "वीस मोजा" पुसायला घेतलं. पुसवलं नाही. तुझा तो व, वर जरा जास्तच गोल. आणि खरं सांगू, तू मोजलेस ते वीस खोटे नव्हते. तू शांतपणे उभा राहून मोजले होतेस. तू होतास तसे होते ते.

म्हणून खाली जागा होती तिथं मी लिहिलं: मग अजून दहा.

अक्षर वाकडं आलं आहे. पण लांबून वाचता येतं. तू डब्या बसवलेल्या बाकीच्या तीन मशीनवरही उद्या जाऊन लिहून येते.